बारशाची लुगडी

"ज्याचा पंचा त्याच्याच खांद्यावर."

गोजरा मढवीचं हे बोलणं आमच्या तळवलीत शेंबड्या पोरालाही पाठ होतं. तळ्यावर पोरं आंघोळीला उतरली की ती काठावरच्या दगडावर बसून असायची. ओरडायची नाही. नुसतं एकदा म्हणायची, आणि पाण्यातली पोरं वळून आपापला पंचा कुठे ठेवला ते बघायची. लग्नाच्या मांडवात म्हणायची, शाळेच्या दारात म्हणायची. ठाण्याहून आलेला एखादा पाहुणा हसून विचारी, ही म्हातारी पंच्याचं काय घेऊन बसली आहे. त्याला एका वाक्यात उत्तर देता येत नसे. कारण ते सांगायचं तर मिठापासून सुरुवात करावी लागते.

ठाणे-बेलापूर रस्त्याला कारखाने लागून तेव्हा बरीच वर्षं झाली होती. नव्या शहरासाठी जमिनी जात होत्या, कागद येत होते. तरी ब्याऐंशी साली खाडीच्या अंगाची आमची मिठागरं अजून जिवंत होती. पौष लागला की भरतीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, बांध घालायचा आणि उन्हाला त्याचं काम करू द्यायचं. चैत्रापर्यंत पांढऱ्या राशी उभ्या राहायच्या आणि दुपारी त्यांच्याकडे बघवत नसे. मीठ आमचं सगळं बघायचं. मासळी टिकवायची तर मीठ, दाढ दुखली तर मीठ, पोराला नजर लागली तर मीठ. मिठाने आमचं कधी वाईट केलं नव्हतं. निदान आम्हाला तसं ठाऊक नव्हतं.

गोजराबाई गावातली न्हाऊ घालणारी. सुईण वेगळी होती. सुईणीचं काम एका दिवसाचं, गोजराचं त्यानंतरचं. बाळ-बाळंतिणीला रोज तेल लावून, कढत पाण्याने न्हाऊ घालून, धुरी देऊन ती उन्हं चढायच्या आत घरी परतायची. तीस वर्षांत गावात जन्मलेलं जवळपास प्रत्येक पोर तिने आपल्या नडग्यांवर निजवलं होतं. लोक म्हणत, गोजराच्या पायांवर झोपलेलं पोर मांडीवर झोपलेल्यापेक्षा निवांत झोपतं. ती याची मजुरी घेत नसे. बारशाच्या दिवशी त्या घरातून तिला एक लुगडं मिळायचं, तोच तिचा मान. आणि ती लुगडी ती नेसत नसे. काळ्या पत्र्याच्या ट्रंकेत घडी करून ठेवायची. कुठलं कोणाच्या बारशाचं, ते काठावरून ओळखायची.

एकाच घरात ती बारा वर्षं गेली नव्हती. सरस्वती भोईरच्या. सरस्वतीने एकदा आपलं तांब्याचं मोठं घंगाळ तिला वापरायला दिलं होतं. ते परत आलं तेव्हा त्याच्या पोटाला पोच होती. सरस्वती म्हणाली, तू पाडलीस. गोजरा म्हणाली, आधीचीच होती. तेवढ्यावरून दोघींचं बोलणं तुटलं. सरस्वतीने आपली नातवंडं घणसोलीच्या एका बाईकडून न्हाऊ घातली, आणि गोजरा तिच्या अंगणावरून जाताना दुसरीकडे बघायला शिकली.

त्या वर्षी माघात गोजराची नात पुतळा हिच्या काखेजवळ चार दाणे उठले. पुतळा सात वर्षांची. दाणे बारीक, गुळगुळीत, चकाकणारे, मध्ये सुईच्या टोकाएवढी खळगी. दुखत नव्हते. शेजारची सुंदराबाई बघायला आली आणि तिने आधी हात जोडले.

"देवी तर नाय ना आल्या, गोजराबाय?"

"देवींना ताप असतो," गोजरा म्हणाली. "ही पोरगी भाकर खाऊन चिंचेवर चढतेय."

"मग काय हाय?"

गोजराने एक दाणा नखाने दाबला. आतून पांढरा कण बाहेर आला. तिने तो अंगठ्यावर घेतला, उन्हात धरला आणि खूप वेळ बघितला.

"मीठच हाय," ती म्हणाली. "दिवसभर आगरात उन्हातान्हात फिरतात. अंगातलं मीठ वर आलंय."

दुसऱ्या कुठल्या गावात पोराच्या अंगावरच्या दाण्यात कोणाला मीठ दिसलं नसतं. आम्हाला दुसरं काही दिसणं शक्यच नव्हतं. गोजरा म्हणाली म्हणजे झालं. अंगातलं मीठ वर आलं तर ते मिठानेच खाली उतरवायचं, हेही सगळ्यांना पटलं. खरजेवर तिने हाच उपाय केला होता आणि लोकांना तो लागू पडलेला आठवत होता.

तिने अंगणात एक अर्धं पीप मांडलं. त्यात मिठागरातलं दाट खारं पाणी ओतलं, वर दोन हंडे कढत पाणी. पुतळाला त्यात बसवली, ओंजळभर जाडं मीठ घेतलं आणि नारळाच्या चोथ्याने दाणे घासून काढले. पुतळा किंचाळली. गोजराने तिला पंच्याने पुसलं, खोबरेल लावलं, आणि म्हणाली, गेलं. दुसऱ्या दिवशी सुंदराबाईने दाणे उठायच्या आधीच खबरदारी म्हणून आपले दोन्ही नातू त्याच पिपात बसवले.

आठ दिवसांनी पुतळाच्या पोटावर पंधरा दाणे होते. आणि शेजारच्या सुंदराबाईच्या दोन्ही नातवांना उठले होते.

मग पीप रोज मांडलं जाऊ लागलं. दाणे असोत-नसोत, आयांनी पोरांना हाताला धरून आणायचं, पोरांनी रांगेत रडायचं, गोजराने घासायचं. एक पोर उठलं की त्याच पाण्यात दुसरं. एकच चोथा, एकच पंचा. त्यात तिने काही चुकवलं असं नव्हे. आमच्याकडे घरात पाचजण असले तरी दोरीवर पंचा एकच असायचा. पाणी विहिरीवरून आणायचं, ते एकदा वापरून ओतून द्यायचं हे कोणाला सुचलंही नसतं. वैशाखापर्यंत गावात एकवीस पोरांच्या अंगावर दाणे होते. काहींचे घासून घासून चिघळले होते. गोजराचे हात मिठाने तडकले होते, तरी ती थांबली नाही. थांबणं तिच्या स्वभावात नव्हतं.

जूनमध्ये शाळा उघडली. श्यामसुंदर गुरुजी साताऱ्याकडचे, शिस्तीचे. त्यांनी पहिल्याच दिवशी सदरे वर करायला लावले आणि एकवीस पोरं घरी पाठवली.

गोजरा शाळेच्या पायरीवर जाऊन उभी राहिली.

"गुरुजी, पोरं काय चोरी करून आलीत?"

"चोरी नाही, गोजराबाई, रोग आहे. बाकीच्यांना लागेल. सरकारी दवाखान्याची चिठ्ठी आणा, मग बसवतो."

"औषध मी करतेय."

"तुम्ही करताय म्हणूनच म्हणतो," गुरुजी म्हणाले. "माघात चार दाणे होते. आता मोजा."

हे वाक्य तिला लागलं. ती वळली आणि दुसऱ्या दिवशी पुतळाला घेऊन दवाखान्यात गेली. औषधासाठी नव्हे. चिठ्ठी आणून गुरुजींच्या टेबलावर आपटायची होती.

दवाखान्यात तेव्हा जैनब नावाच्या डॉक्टर होत्या. उरणच्या. वयाने लहान, कपाळावर कायम आठी, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची सवय. त्यांनी पुतळाचं पोट बघितलं, पाठ बघितली, काखेतली चिघळलेली जागा बघितली.

"कोणी घासलं हे?"

"मीच."

"कशानं?"

"मिठानं. मीठ कदी कोनाचं वाईट करत नाय."

"मावशी, माझ्या आज्यानं चाळीस वर्षं मिठागर केलं," डॉक्टर म्हणाल्या. "मला मीठ शिकवू नका."

मग त्यांनी पुतळाच्या पाठीवरचा एक दाणा गोजराला जवळून दाखवला. त्याच्या आतला पांढरा कण म्हणजे मीठ नाही, रोगाचं बी आहे. डोळ्यांना न दिसणारा जंतू त्यात असतो. दाणा फुटला की तो पाण्यात उतरतो, चोथ्यात राहतो, पंच्यात राहतो, बोटांवर राहतो, आणि पुढच्या पोराच्या अंगावर जाऊन पुन्हा उगवतो. देवीसारखा जीवघेणा नाही. पोरं खेळतात, जेवतात, वाढतात.

"मग औषध द्या."

"चिघळलंय त्याला मलम देते. दाण्यांना औषध नाही. थांबायचं. सहा महिने, कोणाला वर्ष, कोणाला जास्तही. आपोआप जातात, बहुतेकांना डागही राहत नाही. फोडायचं नाही, खाजवू द्यायचं नाही, आणि एकाच्या पंच्याला दुसऱ्यानं अंग पुसायचं नाही."

"औषध नाय, तर डाक्तर कशाला झालीस?"

"हेच सांगायला," जैनब म्हणाल्या आणि चिठ्ठी लिहून दिली. दाणे कपड्याखाली झाकून पोरांना शाळेत बसवायला हरकत नाही, अशी.

गोजरा रस्त्याने आली नाही. पुतळाला पुढे घालून मिठागरांच्या बांधावरून आली. आगर तेव्हा निजलेलं होतं, वाफ्यांत पावसाचं गोडं पाणी साचलं होतं आणि त्यात बगळे उभे होते. ती चालता चालता घरं आठवत होती. पहिल्यांदा पुतळा. मग सुंदराबाईची दोन, ती दुसऱ्या दिवशी पिपात बसली होती. मग तळ्याकाठची तीन. मग वरच्या आळीची. ज्या ओळीने पोरं तिच्या पिपात बसली, त्याच ओळीने दाणे गावात फिरले होते. ती एका बांधावर थांबली. पुतळाने विचारलं, आजी, पाय दुखला का. ती म्हणाली, नाय.

तरी तिने डॉक्टरचं म्हणणं लगेच मान्य केलं नाही. ती मानी बाई होती. एक घर बघायचं राहिलं होतं.

सरस्वती ओटीवर सुकट निवडत होती. सुपातली सुकट अंगणात पाखडून तिने वर बघितलं तर समोर गोजरा. बारा वर्षांनी. सरस्वतीच्या पाठीमागे तिची सून वैशाली दाराच्या चौकटीला धरून उभी होती, सात महिन्यांची गरोदर.

गोजरा अंगणात उभी राहून म्हणाली, "घंगाळाला पोच मीच पाडलेली. आता तुझ्या नातवांचे सदरे वर कर."

सरस्वतीने सूप खाली ठेवलं.

"काय बोललीस?"

"विहिरीच्या काठावर आपटलं. बारा वर्सं खोटं बोललू. सदरे वर कर, मना पोरांची अंगं बघायची हायत."

सरस्वतीला आधी हसू आलं असावं, पण तिने ते ओठांत धरलं. तिच्या मोठ्या मुलाची तिन्ही पोरं पुढे आली. गोजराने त्यांना हात लावला नाही. मान वाकडी करून पोटं बघितली, पाठी बघितल्या, काखा बघितल्या. सगळ्या गावाची पोरं ज्या तळ्यात डुंबत, त्याच तळ्यात हीही डुंबत होती. त्याच मिठागरात, त्याच उन्हात फिरत होती. एकाच्याही अंगावर दाणा नव्हता.

अख्ख्या तळवलीत हेच घर असं होतं, ज्या घराशी तिचा अबोला होता.

ती पायरीवर खाली बसली. सरस्वतीने पाणी आणून दिलं. ते न पिता ती म्हणाली, "माज्या हातानं गेलं गं गावभर. माज्या पंच्यानं."

त्या दिवशी घरी येऊन तिने पीप उपडं केलं. चोथा चुलीत घातला. मग ट्रंक अंगणात ओढून आणली.

तिची सून विचारत राहिली, आये, काय करता. गोजराने पहिलं लुगडं काढलं, हिरव्या काठाचं. काठाला दात लावला, एक टरकावणी दिली आणि हातभर तुकडा फाडून बाजूला ठेवला. मग दुसरं. मग तिसरं. तीस वर्षांचा मान ती संध्याकाळपर्यंत फाडत बसली होती. फाडताना हातातल्या बांगड्या मागे सरकत होत्या, आणि कधीतरी मध्येच तिला डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला दोन दाणे दिसले. गुळगुळीत, मध्ये खळगी. कधीपासून होते कोण जाणे. तिने बांगड्या पुढे ओढून ते झाकले. मग पुन्हा मागे सरकवल्या आणि तशाच राहू दिल्या.

सकाळी ती घरोघर निघाली. प्रत्येक दारात एकच बोलणं. "तुमच्या पोराला हे माज्याकडून लागलं. माजं पानी, माजा चोथा, माजा पंचा. आता घासायचं नाय, फोडायचं नाय. हा पंचा तुमच्या पोराचा. ह्याच्या बारशाच्या लुगड्याचा हाय. काठ ओळखून ठेवा. ह्यानं दुसऱ्याचं अंग पुसायचं नाय, दुसऱ्याच्यानं ह्याचं नाय."

आणि मग मनगट पुढे करायची. "हे गेल्याबिगर मी कोनाच्या पोराला हात लावनार नाय. कोनाला न्हाऊ घालनार नाय."

घरातलं प्रत्येक पोर वेगळ्या काठाचं होतं. भावाभावांचेही काठ वेगळे, कारण बारसं प्रत्येकाचं वेगळं. त्यामुळे दोरीवर चार पंचे असले तरी गफलत होत नसे. हा हिशेब तिने मुद्दाम केला होता की आपसूक जमला, ते तिने कधी सांगितलं नाही. एकवीसच नव्हे, दाणे नसलेल्या पोरांनाही तिने पंचे दिले. ज्यांची लुगडी तिच्याकडे नव्हती त्या सरस्वतीच्या नातवंडांसाठी तिने आपलं नेसूचं फाडलं.

लोक काही लगेच पाया पडले नाहीत. सुंदराबाई तर पंचा हातात घेऊन म्हणाली, "आमी दिलेला मान तू फाडलास?"

"तुज्याच नातवासाठी फाडलाय."

"चार महिने पोरांची सालटी काढलीस, आता बोलतेस हात लावू नका. उद्या बोलशील, आंघोळच नको."

"आंघोळ घाल. तांब्यानं, वरून वरून. एकाच्या पान्यात दुसऱ्याला बसवू नको."

"आनि औषध?"

"थांबायचं."

"थांबायला काय तुजी डाक्तरीन पायजे? थांबायला आमाला पन येतं," सुंदराबाई म्हणाली. पण पंचा तिने ठेवून घेतला.

चिठ्ठी बघून गुरुजींनी पोरांना वर्गात घेतलं. वेगळ्या रांगेत बसवतो म्हणाले. गोजरा म्हणाली, वेगळी रांग कशाला, सदरा खाली असू दे म्हंजे झालं, चिठ्ठीत तेवढंच लिवलंय. गुरुजींनी चिठ्ठी पुन्हा वाचली आणि रांग मोडली.

थांबणं सोपं नव्हतं. आषाढ गेला, दाणे तसेच. उलट जाण्याआधी काही दाणे लाल होऊन सुजायचे, आयांना वाटायचं वाढलं. तेव्हाच पनवेलच्या बाजारात बसणारा एक जडीबुटीवाला गावात आला. त्याच्याकडे एक बाटली होती. एक थेंब लावला की दाणा जळून जातो, म्हणायचा. सुंदराबाईने त्याला तळ्याकाठच्या पारावर बसवलं आणि आपल्या धाकट्या नातवाला आणायला गेली. पोराच्या पापणीच्या कडेला एक दाणा होता, तो तिला आधी घालवायचा होता.

गोजरा तिच्या आधी पारावर पोचली.

"थेंब लावतोस म्हनं. दाना जातो?"

"जातो, आई. खात्रीचं काम."

"मग आधी माजा घालव," म्हणून तिने मनगट त्याच्यासमोर धरलं. दोनांतल्या एकावर बोट ठेवलं. "ह्याच्यावर घाल. बायांनो, बघा."

माणूस जरा चुळबुळला. पण सात-आठ बाया जमल्या होत्या. त्याने काडीने थेंब लावला. चामडं पांढरं झालं, मग फसफसून काळं पडलं. गोजराच्या कपाळावर घाम आला. तिने हात मागे घेतला नाही. वास सगळ्यांना आला.

"लहान पोराच्या पापनीवर हेच घालनार होतास?" तिने विचारलं. मग नातवाला घेऊन आलेल्या सुंदराबाईकडे वळून म्हणाली, "आठ दिवस थांब. आठ दिवसांनी माजं मनगट बघ. मग वाटलं तर ह्याला परत बोलाव."

आठ दिवसांनी दाण्याच्या जागी रुपयाएवढी जखम होती आणि तिच्या कडेला नवा दाणा उगवला होता. ती रोज सकाळी तळ्यावर मनगट उघडं टाकून बसायची. कोणी विचारायच्या आधी दाखवायची. सुंदराबाईने एकदा बघितलं, पुन्हा बघितलं, आणि नातवाचा पंचा घट्ट पिळून त्याच्या खांद्यावर टाकला. त्या माणसाला परत कोणी बोलावलं नाही.

मग एक एक पोर साफ होऊ लागलं. सुंदराबाईच्या नातवाच्या पापणीवरचा दाणा एका सकाळी नव्हताच. कधी गेला, तेही कळलं नाही. पुतळाच्या पाठीवरचे सुकले, पोटावरचे उरले. गोजरा दर आठवड्याला जैनब डॉक्टरांना किती साफ झाले ते जाऊन सांगायची. पाच. नऊ. चौदा. डॉक्टर म्हणायच्या, तुमचं? ती मनगट पुढे करायची. डॉक्टर म्हणायच्या, पट्टी बांधा आणि झाकून काम करा, चालेल. ती म्हणायची, पट्टी पान्यात सुटते.

भाद्रपदात वैशाली बाळंत झाली. मुलगा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरस्वती स्वतः गोजराच्या दारात आली. गावात ही बातमी तिच्या आधी पोचली होती. लोक आपापल्या ओट्यांवर काहीतरी काम काढून बसले होते.

"पानी तापवलंय," सरस्वती म्हणाली. "चल."

बारा वर्षं ज्या घराच्या अंगणावरून गोजरा मान वळवून गेली, त्या घराने तिला न्हाऊ घालायला बोलावलं होतं. सगळ्या गावासमोर. तिचं सगळं त्यात परत मिळत होतं, आणि ते तिला कळत होतं. तिने बांगड्या मागे सारल्या. जखम भरली होती. एक दाणा अजून होता.

"नाय," ती म्हणाली.

"पट्टी बांध."

"आठ दिवसांचं पन नाय ते पोर. माज्यानं नाय व्हायचं."

"मग कोन घालनार? घनसोलीची म्हातारी गेली गेल्या साली."

"तू."

"मी?" सरस्वती म्हणाली. "मी कदी अंगठाभर पोराला न्हाऊ घातलंय? माजी पोरं माज्या सासूनं घातली, ह्या पोरांना त्या बाईनं. माज्या हातातून सुटलं तर?"

"सुटनार नाय. मी येतेय. पन उंबरा वलांडनार नाय."

भोईरांची न्हाणी मागल्या दारी. बाजूला कुडाची भिंत, पुढे उघडं. गोजरा केळीजवळ, तीन पावलांवर उभी राहिली. दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत धरले. सरस्वती पाटावर बसली आणि तिने पाय पसरले. जवळ तेच घंगाळ, पोच पडलेलं, वाफाळत होतं.

"टाचा भिंतीला लाव. पाय जुळव. नायतर पोर मधून घसरंल."

"लावल्या."

"डोकं पावलांकडं. आता पान्यात कोपर घाल. हात नको, कोपर."

"कढत हाय."

"मग विसण घाल. अजून. आता?"

"आता बरं."

"कपाळावरून वत. पानी मागं जाऊ दे, नाकात नको. घाबरतेस काय, न्हाताना पोर रडनारच."

पोर रडलं. गोजराचे हात पाठीमागे एकमेकांना आवळून होते, आणि दाराआडून बघणाऱ्या वैशालीला ते दिसत होते. सरस्वती पोराला पालथं घेऊ लागली तेव्हा गोजराचा उजवा पाय आपोआप पुढे गेला. तिने तो मागे घेतला.

"मान धर. चार बोटं छातीखाली. हां. तसंच."

असं बारशापर्यंत चाललं. तिसऱ्या दिवसापासून सरस्वती विचारायच्या आधी कोपर पाण्यात घालू लागली. सातव्या दिवशी पोर रडलं नाही. दहाव्या दिवशी सरस्वती म्हणाली, आज गप उभी राहा, मना येतं. गोजरा गप्प उभी राहिली, आणि पोर पायांवर न्हाऊन तिथंच झोपी गेलं.

बाराव्या दिवशी बारसं. न्हाऊ घालून झाल्यावर सरस्वतीने वैशालीकडून नवं लुगडं मागवलं. जांभळं, पिवळ्या काठाचं. दोन्ही हातांनी ते केळीपाशी आणून धरलं.

"मी हात लावला नाय," गोजरा म्हणाली. "माजा मान नाय हा."

"तोंड लावलंस की बारा दिवस. माजे कान किटले," सरस्वती म्हणाली. "घे."

गोजराने लुगडं घेतलं. काठाला दात लावला. हातभर तुकडा फाडून तो पाटावर ठेवला. पोराला शिवली नाही.

"हा पोराचा. ह्याच्या तिन्ही भावंडांनी ह्यानं अंग पुसायचं नाय. तू पन नाय."

"ठाऊक हाय. आता सगळ्या गावाला ठाऊक हाय."

उरलेलं लुगडं तिने घडी न करताच डाव्या खांद्यावर टाकलं. बांगड्या एकदा मागे सारून मनगट बघितलं, दाणा अजून होता, आणि पुन्हा पुढे ओढल्या. मग परसातून बाहेर पडून तळ्याकडच्या वाटेला लागली. पोरांची आंघोळीची वेळ झाली होती.

वैशाली दाराशी उभी राहून बघत होती. सरस्वती पाटावरच होती. पायांवर झोपलेलं पोर, दोन्ही हात ओले, उठताही येत नव्हतं. तिने मान उंच करून बघितलं. केळीची पानं आड येईपर्यंत पिवळा काठ दिसत राहिला.